मीनार की नवमहाल?

"ढिल्या हायत," पंडित म्हणाला आणि नवमहाल कंपनीच्या खेळण्यातल्या विटा त्याने परत खोक्यात ठेवल्या.

दैवशाला परातीत पीठ मळत होती. तिने पिठाच्या हातानेच प्लॅस्टिकच्या दोन विटा एकमेकींवर दाबल्या. उलट्या धरून हलवल्या. सुटल्या नाहीत.

"कुठं ढिल्या हायत रं? चांगल्या बसायल्यात की."

"मंग लय घट्ट हायत. निघायच्या न्हाईत."

नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. दैवशालाच्या विटांचंही तसंच चाललं होतं. चुडाव्याच्या रेल्वे क्वार्टरात ती दुसरी बायको म्हणून आली, त्याला वर्ष होत आलं होतं. नवरा आसाराम स्टेशनात पॉइंट्समन. सात वर्षांचा पंडित त्याच्या पहिल्या बायकोचा, छबूचा मुलगा.

छबूने त्याला मीनार कंपनीच्या लाल विटांचा खोका घेऊन दिला होता. त्या विटांची दोन घरं कोनाड्यात उभी होती. लहान आजीचं, जरा मोठं आईचं. आजी आणि आई एकाच पावसाळ्यात गेल्या होत्या. घरांना दार नव्हतं, खिडकी नव्हती. धक्का लागला की आत काहीतरी खुळखुळायचं. आजीच्या घरात सुपारीचं खांड होतं आणि आईच्या घरात बांगडीचा तुकडा.

"छबूच्या दहाव्याला माझं ध्यान गेलं," आसाराम म्हणायचा. "आठवन म्हनून केलंय लेकरानं. राहू दे."

एकदा दैवशालाने नवमहालची वीट त्या लाल भिंतीला लागते का, ते पाहायला हात पुढे केला, तर पोरगं किंचाळलं. तिने पुन्हा कोनाड्याला हात लावला नाही.

गंमत अशी की, बाकी सगळं सुरळीत होतं. पंडित तिच्या हातचं पोटभर जेवायचा. हापशावर तिच्या मागे मागे जायचा. तिला जरा खोकला आला तरी अंगणातून धावत यायचा आणि तिच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. फक्त तिने आणलेल्या विटांचं काही बांधायचा नाही.

"आगगाडी कर की," ती म्हणायची. "चाकं बी हायत ह्याच्यात."

"मी काई बी कराया बसलो तर घरच होतंय, मावशी."

मावशी. तिला त्या शब्दाचा राग नव्हता. या पोराने एकदा आपल्याला माय म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

शेजारच्या सरजाबाईने मात्र गावभर करून टाकलं, सावत्र आईच्या हाताचं काई बी लेकरू शिवत न्हाई. ते आसारामच्या कानावर गेलं.

"त्याला राणीसावरगावला मामाकडं धाडतो," तो म्हणाला. "शुक्रवारी मामा न्यायला येनार हाय. हितं त्याचं मन रमत न्हाई."

"रमतंय की! मला थोडे दिवस द्या."

"सालभर दिलं की."

नामांतराच्या बंदमुळे परभणीचा बाजार बंद होता. तो उघडला त्याच दिवशी दैवशालाने गाडी धरली. खेळणीवाल्या बन्सीधरने तिच्यासमोर दोन खोके ठेवले.

"मीनार म्हंजे जुना माल, बाई. रंग एकच, लाल. पन बसली की बसली. नवमहाल चकचकीत. दारं हायत, खिडक्या हायत, झाडं हायत. पकड जरा कमी. आन् एकाची वीट दुसऱ्याला बसत न्हाई बरं का. सवती हायत त्या!"

तो आपल्याच विनोदावर खो खो हसला. दैवशालाने मीनारचा खोका उचलला.

घरी आल्यावर लाल खोका पाहून पंडित भिंतीला जाऊन टेकला.

"हे कामून आनलंस?"

"तुझ्या आईच्या कंपनीच्या हायत. बग तरी."

"न्हाई बगायचं."

मग तिचा बांध फुटला. पदरात तोंड घालून ती हमसून हमसून रडली. "उद्या मामा येनार हाय, पंडित. तुला घेऊन जाईल. माझ्यासाठी एक घर बांध रं. तुज्या बापाला दाखवते. मंग कोनी न्हेनार न्हाई तुला."

पंडित भिंत सोडून पुढे आला. "खरंच बांधू?"

"बांध की, राजा."

"तुलाच पायजे ना?"

"मलाच."

त्याने दोन्ही खोके उघडले. मीनारची जोडी दाबून पाहिली, नवमहालची दाबून पाहिली. कान लावून ऐकल्यासारखं केलं. मग लाल खोका लांब सारला.

"ह्याचं बांधतो. हे टिकायचं न्हाई."

"टिकंल की!" ती डोळे पुसत म्हणाली.

त्याने तिच्या बांगडीचा तुकडा मागितला. तिने कौतुकाने एक बांगडी उंबऱ्यावर आपटून तुकडा त्याला दिला. भिंती भराभर वर चढल्या. पोराचे हात जणू झोपेत चालत होते. तिने खोक्यातलं हिरवं दार पुढे केलं. त्याने ते घाईघाईने घेतलं आणि घराच्या चारी बाजूंनी फिरवलं. पण भिंती बंद झाल्या होत्या. त्याने वरची वीट ओढून पाहिली, मग दोन्ही हातांनी ओढली. निघाली नाही.

दैवशालाने ते घर उचलून कोनाड्यात आईच्या घराशेजारी ठेवलं. आत बांगडी वाजली. तिला वाटलं, आता आपण या घरातल्या झालो.

"आईचं बी असंच बांधलं व्हतंस का रं, ती गेल्यावर?"

"गेल्यावर न्हाई. आदल्या दिशी. आजीचं बी."

पंडितने येऊन तिच्या कमरेला घट्ट मिठी मारली.

"म्हनून तर मी विटांना नावं ठेवायलो होतो, माय."