उसना रवंथ

हिरामणला दारात बघताच मालतीबाईंनी तोंड फिरवलं. मग त्याच्या मागून ओढत आणलेली शेळी दिसली, आणि फिरवलेलं तोंड परत वळवावं लागलं. शेळीच्या पाठीवरचे केस झडून कातडी उघडी पडली होती. तोंडाला लाळ लोंबत होती.

“हिला काय झालं? तुझ्यावर गेली काय?”

तिच्या मुलाच्या हळदीत बिनसल्यापासून सख्खी बहीण त्याच्याशी बोलली ती ही पहिलीच गोष्ट. हिरामणने टकलावरून हात फिरवला आणि राग गिळला. गरज त्याची होती.

“सुबाभूल बाधली, बाय. नाल्यावरचा पाला रोज भारा भारा टाकला मी. ही घाटावरची, हिला सवय नाय. डाक्टर बोल्ला, इथल्या जुन्या बकरीच्या पोटात हा पाला पचवनारे जंतू असतात. तिच्या तोंडातला रवंथ काढून हिला गिलवायचा. नायतर ही आठवडा काढायची नाय.”

“अख्ख्या सारसोले गावात दुसरी बकरीच नाय?”

“सुबाभलीवर म्हातारी झालेली तुझी कालीच.”

हे खरं होतं. समोरच्या सोसायटीच्या कुंपणावर वाकलेली सुबाभूळ खाण्यातच काळीचा जन्म गेला होता. आता ती ओट्याखाली पाय दुमडून बसली होती. हिरामण बाही सरसावून तिच्यासमोर उकिडवा बसला. काळीने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. जबडा काही हलला नाही.

“ती माझं ऐकल्याबिगर रवंथ करत नाय,” मालतीबाई म्हणाल्या. “दुपारची मी बोलते, ती चावते.”

“मंग बोल की.”

“ते तुझ्याबद्दलच असतं.”

हिरामणने एकदा आपल्या शेळीकडे पाहिलं. “चालंल. बोल.”

मालतीबाईंना फार आग्रह करावा लागला नाही. आईच्या दुखण्यात हा कुठे उलथला होता, इथपासून त्यांनी सुरुवात केली. काळीचे डोळे अर्धे मिटले. गळ्यातून एक गोळा सरसर वर चढला आणि जबडा फिरायला लागला. हिरामणने हात घातला, तोवर तिने गिळून टाकलं.

“थांबू नको, बाय! माझ्या भाड्याच्या खोल्यांचं बोल. त्यांचं सांडपानी तुझ्या दारात सोडलेलं मी.”

“सोडलेलं नाय, अजून सोडतोस!” मालतीबाई कडाडल्या. हिरामण प्रत्येक आरोपाला मान डोलवत होता. वाईट त्याला खरंच वाटत होतं, पण जबडा फिरत होता म्हणून बरंही वाटत होतं. काळीने आणखी दोनदा त्याला चकवलं.

आणि नेमकी तिथे माशी शिंकली. बोलता बोलता मालतीबाई ओट्यावर टेकल्या.

“जाऊ दे. किती बोलू? पाठचा भाऊ हायस. माझ्या मनात आता काय नाय.”

काळीचा जबडा थांबला.

हे एक वाक्य ऐकायला हिरामण किती तळमळला होता ते त्याचं त्यालाच ठाऊक. बहीण पदराने डोळे टिपत होती. अंगणात त्याच्या शेळीने मान जमिनीवर टाकली होती.

“पन हलदीला तू केलेलं निवट्या मासल्यांचं कालवन खारटच होतं,” तो म्हणाला.

पदर खाली आला. “काय बोल्लास? भरल्या मांडवात बोल्लास, तेनं पोट नाय भरलं तुझं? चाटून पुसून खाल्लंस आनि वर खारट?”

आवाज पामबीच रोडपर्यंत गेला असेल. काळीने समाधानाने उसासा टाकला. गोळा वर आला. हिरामणने जबड्याच्या कडेने दोन बोटं सारली, तो हिरवा गिजगिजीत घास खेचून काढला आणि धावत जाऊन आपल्या शेळीच्या तोंडात कोंबला. ती खोकली, घुटमळली आणि तिने तो गिळला. हिरामणच्या डोळ्यांत पाणी आलं.

“चालता हो!” मालतीबाई ओट्यावरून ओरडल्या. “परत दारात आलास तर तंगडी मोडीन.”

“उद्या याच टायमाला येतो.”

“आता कशाला? गिलला ना तिनं?”

“डाक्टर बोल्ला, रोज थोडं थोडं पोटात जायाला पायजे. मंग बाधत नाय.”

“कोनाला, बकरीला?”

हिरामणने हात लुंगीला पुसले.

“तिला पन,” तो म्हणाला.