यंदाचा यजमान

"चालते व्हा! इथे तुमच्यासाठी जागा नाही!"

वेंडेल प्रुइट आपल्या दाराच्या पायरीवरून ओरडला, तशी नऊ माणसांची ती छोटीशी मिरवणूक रस्त्यातच थबकली. अरासेलीने लेकीचा खांदा घट्ट धरला. आठ वर्षांची इत्सेल डोक्यावरून निळी चादर घेऊन मरिया झाली होती. तिच्या हातात मेणबत्ती होती.

नऊ माणसं म्हणजे काहीच नाही. गेल्या डिसेंबरात साठ होती. नाताळाआधीच्या नऊ संध्याकाळी गल्लीत त्यांच्या मायदेशातल्या रिवाजाची पोसादा निघायची. येशूच्या जन्माआधी मरिया आणि योसेफ आसरा मागत दारोदार फिरले, तसं गात गात त्या दिवशीच्या यजमानाच्या दारी जायचं. यजमानाने आतून गाण्यातच हाकलायचं. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या खेपेनंतर मात्र दार उघडायलाच हवं. मग आत मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले, फळांचं गरम पोंचे आणि पोरांचा धिंगाणा.

यंदा आजच्या यजमानांनीच माघार घेतली होती. वेंडेलच्या समोरच्या घरातल्या मेद्रानोंनी दुपारी निरोप धाडला, की आमच्याकडे नको, माफ करा. तरी हे नऊ जण निघालेच होते. मेद्रानोंचं तरी काय चुकलं? गेल्या रविवारी दुकानाच्या पार्किंगमध्ये दोघा बाप्यांनी मेद्रानो बाईला पोरांदेखत झापलं होतं. इथे आमच्या भाषेत, इंग्रजीत बोल, नाहीतर आपल्या देशात जा म्हणाले. भोवती पंधरा माणसं होती, एकानेही ब्र काढला नाही. निवडणुकीपासून हे असंच चाललं होतं. टीव्हीवर रोज कुणीतरी मोठा माणूस तेच बोलायचा, फक्त टाय लावून. गल्लीत या देशात राहायची कागदपत्रं असलेले आणि नसलेले भिंतीला भिंत लावून राहत होते. अंधार पडला की सगळे पडदे ओढून घेत.

वेंडेलच्या तर अंगातच आलं होतं. कालपर्यंत नुसती मान हलवणारा हा माणूस आता रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला त्याचा देश विचारायचा.

आज मागे फिरलो, तर उद्या पोसादा नाही. पुढच्या वर्षीही नाही. अरासेलीला हे लख्ख कळत होतं. तरी तिचे पाय घराकडे वळायला बघत होते. लेकीसमोर कुणी काही वेडंवाकडं केलं तर?

तेवढ्यात तिच्या सासूने, डोन्या तोमासाने, घसा खाकरला आणि गायला सुरुवात केली. यात्रेकरूंचं दुसरं कडवं. वाट चुकलेलो नाही, थकलोय, बायको दोन जिवांची आहे, दार उघडा.

अरासेली गर्रकन सासूकडे वळली. सासूबाईंना इंग्रजीचा गंध नाही. दवाखाना असो, बँक असो, बोलायला अरासेलीच लागायची. म्हातारीला वेंडेलचं ओरडणं म्हणजे यजमानाचा गाण्यातला जबाबच वाटला की काय?

"सासूबाई, तो गात नाहीये हो! तो आपल्याला हाकलतोय!"

"मग? पोसादेत हाकलतातच," डोन्या तोमासा म्हणाली. "तू सूर धर."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग इत्सेलने सूर धरला. लेक गातेय म्हटल्यावर आई कशी गप्प बसणार? नऊच्या नऊ जण गाऊ लागले.

वेंडेल चक्रावला. आपण दम देतोय आणि ही माणसं गाताहेत, हे काही त्याच्या हिशेबात बसेना. "चोर कुठले!" तो किंचाळला. "निघता की बॅट घेऊन येऊ?"

गाण्यातला यजमान दुसऱ्या खेपेला नेमकं हेच म्हणतो, फक्त त्याच्या हातात काठी असते. आता सगळेच हसले. अरासेलीसुद्धा हसली, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच तिला मोकळा श्वास घेता आला. त्यांनी पुढचं कडवं पहिल्यापेक्षा जोरात म्हटलं.

"कोण कुठले तुम्ही! आम्हाला सुखाने जगू द्या!" वेंडेलचा आवाज फाटला होता.

झालं, तिसरी खेपही झाली. गाणारे थांबले. आता दार उघडायला हवं. वेंडेल हाताची घडी घालून दारासमोर उभा होता, आणि ते दार उघडण्याची आशा कुणालाच नव्हती.

त्यांच्या पाठीमागे कडी सरकली.

मेद्रानो बाई चपलांशिवाय, एप्रन तसाच ठेवून अंगणात आली आणि तिने यजमानाचं शेवटचं कडवं उचललं. या, आत या. तिचा आवाज कापत होता, पण सूर बरोबर होता. शेजारचं दार उघडलं. मग त्याच्या पलीकडचं. पडद्यांआड बसून सगळे ऐकत होते तर! कुणी पातेलं घेऊन आलं, कुणी पोर कडेवर घेऊन. बघता बघता चाळीस-पन्नास माणसं रस्त्यात उभी राहून गात होती, आणि अरासेलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने ते पुसलं नाही.

वेंडेलने बॅट आणलीच नाही. तो आत जायला वळला, तोच डोन्या तोमासा त्याच्या कुंपणाकडे निघाली. अरासेली घाबरून मागे धावली. म्हातारीने कुंपणावर दोन्ही हात टेकले आणि नऊ वर्षांत सुनेने कधी ऐकलं नव्हतं, अशा स्वच्छ इंग्रजीत ती बोलली:

"छान जमलं हो तुम्हाला. उद्या सहाला परत येतो, तेव्हा जरा आणखी जोरात ओरडा. कोपऱ्यावरची तीन दारं उघडायची राहिलीत."