मोडलेला कान

कुस्तीत घासून माझा उजवा कान रक्तानं फुगला होता. डॉक्टर म्हणाले, "आज सुईनं रक्त काढलं, तर बरेच दिवस मॅटवर पाय ठेवायचा नाही. तसंच राहू दिलं, तर कानाचा कायमचा गोळा होईल." परवा विद्यापीठाच्या संघाची निवड होती. पहाटे तालीम आणि दिवसा वॉर्ड अशी ओढाताण करत मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला पोचले होते. पण आता दोन्ही निभत नव्हतं. "राहू द्या सायेब," अण्णा म्हणाले. "मोडलेला कान म्हंजी पैलवानाची वळख हाय." अण्णांचे, माझ्या वडिलांचे, दोन्ही कान तसेच मोडलेले. आमच्या लोहारा गावाला जाणाऱ्या जीपमध्ये ते कान बघून अजूनही लोक त्यांना पुढची सीट देतात. मलाही लहानपणापासून तसाच कान हवा होता. मी पिशवीतून स्टेथोस्कोप काढून त्याची कानात घालायची टोकं त्यांच्या हातात दिली. "अण्णा, लावून बघा बरं." टोकं त्या मोडलेल्या कानांत बसेनात. एक सारलं की दुसरं निसटायचं. शेवटी त्यांनी अंगठ्यांनी दोन्ही दाबून धरली आणि डोळे मिटले. "माझं काळीज ऐकू येतंय का?" मी मोठ्यानं विचारलं. "येतंय की! लई जोरात वाजतंय. पैलवानाचं काळीज हाय, पोरी." छातीला लावायची चकती अजून माझ्या मुठीतच होती. मी मूठ उघडली नाही. डॉक्टरांकडं वळून फुगलेला कान सुईसाठी पुढं केला.