तीन चौकोन

भगुण्यावरचं झाकण खडखडलं. कोकिळानं पदरानं धरून उकळतं पाणी चुलीवरून उतरवलं आणि पुन्हा नवऱ्याच्या हातातल्या कागदांकडं बघत बसली.

बन्सीधर मास्तर दिनकररावांचा छापून आलेला निबंध तिला वाचून दाखवत होता. सरकारनं चावडीत बसवलेला रेडिओ गावाला किती कळतो, हे तपासायला दिनकरराव मागच्या उन्हाळ्यात येऊन गेले होते. मास्तर निजामाच्या काळात उर्दूत शिकलेला. शब्दाशब्दाला अडखळत होता.

“परिणामकारकता म्हणजे असर. सरळ असर लिहायला हात दुखत होता का ह्यांचा?”

एका पानावर तीन चौकोन होते. बोलणारा, यंत्र, ऐकणारा. मधे बाण. शेवटच्या बाणावर फुली, आणि खाली लिहिलं होतं, ‘अडथळा : स्त्रियांचे अज्ञान.’ त्याखाली निष्कर्ष. आरोग्याचे कार्यक्रम इथल्या स्त्रियांना अजिबात कळत नाहीत, रेडिओ संच दुसऱ्या गावी हलवावा.

संच परवाच बैलगाडीतून गेला होता.

कोकिळाचा पहिला मुलगा हगवणीनं गेला. कशानं, ते तिला रेडिओवरच्या बाईनं सांगितलं, चावडीमागच्या भिंतीला कान लावून उभी असताना. येत्या सोमवारपासून ती बाई लेकरांच्या तापाबद्दल सांगणार होती. मांडीवरच्या धाकट्याचं अंग कालपासून कोमट होतं.

तिनं चौकोनांवर बोट ठेवलं.

“ह्यात मामंजी कुठं हायेत?”

“शास्त्रात मामंजी नसतात,” मास्तर हसला.

ती हसली नाही. त्या दिवशी दिनकरराव ओट्यावर बसले होते. शेजारी बाजेवर तिचे सासरे लिंबाजी आणि गावातली जाणती माणसं. सुना दाराआड, डोक्यावर पदर. पाणी उकळून का प्यायचं, असं दिनकररावांनी मोठ्यानं विचारलं. सासू भागुबाई सगळ्यांच्या वतीनं म्हणाली, “बायकांना काय कळतंय, साहेब.” मग त्यांनी एकेका सुनेला नावानं विचारलं. सासऱ्यादेखत तोंड उघडायची रीत नव्हती. एकेक पदर नुसता नकारार्थी हलला. तिचाही.

“आमाला समदं ठाव होतं,” ती म्हणाली. “लिहा की त्यांना.”

“काय लिहू? माझ्या बापापुढं माझी बायको गप बसली म्हणून?” त्यानं कागदांची घडी घातली. “आन् लिहिलं तरी मशीन काय माघारी येत न्हाई.”

तो उठून बाहेर गेला. कोकिळानं धाकट्याच्या कपाळावर हात ठेवला. ते मघापेक्षा गरम लागलं.

तिची लेक दैवशाला इतका वेळ दाराला टेकून ऐकत होती. सहा वर्षांची पोर, आईबरोबर तीही त्या भिंतीला कान लावायची. ती जवळ आली.

“मला ठाव हाय, माय. उकळल्यावर पाण्यातले जंतू मरतेत.”

ओट्यावर लिंबाजी खाकरले. कोकिळाचा हात आपसूक पदराकडं गेला. पोरीनं ते पाहिलं. मग आवाज एकदम बारीक करून तिनं विचारलं,

“मला कुणी विचारलं तर सांगायचं, का मान हलवायची?”