ऑफिसातली धाकटी सून

मावशीनं स्वतःची फाइल पिशवीत कोंबली, वर जेवणाचा डबा ठेवला आणि कपाट लावून घेतलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. असल्या कामाला चोराचं काळीज लागतं म्हणतात. मावशीकडे सासूचं होतं, ते त्याहून घट्ट.

इस्पितळातल्या प्रत्येक नोकराची फाइल तिच्या खोलीत असायची. दाखले, रजा, बढत्या, सगळं. आता शेजारच्या खोलीत यंत्र आलं होतं. कागद काचेवर ठेवला की ते वाचायचं, ज्याचा त्याच्या नावाखाली लावायचं आणि खोटा वाटला तर पडद्यावर लाल खूण करायचं. लाल खूण आली की माणूस घरी.

हे यंत्र आणलं मावशीच्याच सुनेनं. ती तिथली नोकरभरतीची अधिकारी. मावशी यंत्राला ‘धाकटी सून’ म्हणायची. “थोरली घरी माझ्या चुका काढते, ही ऑफिसात काढेल. दोन्हीकडे सोनंच झालं म्हणायचं माझं!”

पहिल्या दिवशी सुनेनं सगळ्यांदेखत आधी स्वतःचीच फाइल पुढे केली होती. “सुरुवात माझ्यापासून.” तिची पदवी मावशीनंच काचेवर सरळ करून ठेवली. हिरवी खूण आली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मावशीनं चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि त्या दिवसापासून तिला घास गोड लागेना.

लागणार कसा? तिच्या फाइलीत सातवी पासचा दाखला होता आणि शाळेत ती गेली होती तिसरीपर्यंत, तेही धाकट्या भावाला सोबत म्हणून. दाखला आला होता फोटो स्टुडिओच्या मागच्या बोळातून. घाईत मारलेला शिक्का, गोलाला डावीकडे खोक. त्याच दाखल्यावर तिनं नवऱ्यामागे पोरगा वाढवला. आता तो पोरगा कंबर मोडून अंथरुणाला खिळला होता आणि घर दोन बायकांच्या पगारावर उभं होतं.

दुपारी सून दार लोटून आत आली.

“आई, तुमची फाइल मिळत नाही म्हणे.”

“इथे मावशी म्हण. ऑफिस आहे.”

“फाइल कुठे आहे?”

“हरवली.”

“तुमच्या खोलीतून? टाचणी हरवली तरी तुम्ही घर डोक्यावर घेता.”

मावशीनं पिशवी जवळ ओढली. सुनेची नजर पिशवीवर गेली. तिनं मागे वळून दाराला कडी घातली.

“तुमचा दाखला कसला आहे ते मला कधीच कळलंय. सही करताना जीभ बाहेर येते तुमची. सातवी झालेल्या बाईची येत नाही.”

“तुझी तर सही न करताही बाहेरच असते.”

“थट्टा पुरे. नीट ऐका.” सून जवळ आली. “ते यंत्र एकट्या कागदावरून काही ठरवत नाही. कागद एकमेकांशी ताडून बघतं. काल रखवालदार आणि स्वयंपाकी सापडले ते का? शाळा वेगळ्या, पण शिक्का एकाच हातचा. एकटा कागद असेल तर तो आरामात सुटतो.”

“तुला गं कसं ठाऊक?”

सून क्षणभर अडखळली. “ठाऊक आहे, एवढं पुरे.”

“आणि फाइल दिलीच नाही तर?”

“फाइल नाही त्याची नोकरी नाही. साहेबांचा नियम आहे, माझ्या हातात काही नाही. कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहतं का? द्या ती पिशवी.”

तिनं पिशवीला हात घातला. मावशीनं दुसरा बंद सोडला नाही. ओढाओढीत डबा खाली पडला, खणखणत भिंतीपर्यंत गेला. बाहेर कुणाची तरी पावलं थांबली. दाराची मूठ हलली, पुन्हा सरळ झाली. पावलं निघून गेली.

“आई, हात जोडते.” सुनेचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. “माझ्या एकटीच्या पगारात घर नाही हो चालायचं.”

“चालेल. रडतखडत चालेल, पण चालेल.”

“सुटायची वाट समोर दिसतेय आणि तुम्ही... हा हट्ट कसला?”

“म्हातारीचा. डोळे पूस आणि जा. साहेब वाट बघत असतील.”

संध्याकाळी साहेबांनी तिला यंत्राच्या खोलीत बोलावलं. सून खिडकीकडे तोंड करून उभी होती.

“मावशी, शेवटचं विचारतो. फाइल?”

“हरवली, साहेब. माझ्याच हातून.”

“निदान सुनेचा सल्ला तरी घ्यायचा.”

“तिनं दिला होता. पण सुनेचं ऐकलं तर मी सासू कसली?”

साहेब हसले नाहीत. त्यांनी कळ दाबली. पडद्यावरून मावशीचं नाव गेलं, बाकीची नावं सरकून एक घर वर आली. सगळ्या फायली झाल्या होत्या. यंत्र बंद केलं.

वाटेत सून भरभर निघाली. चार पावलं पुढेच चालत राहिली. घरी पोचताच नवऱ्याला टेकवून बसवायला आतल्या खोलीत गेली आणि तिथून तिचा चिडलेला आवाज येत राहिला. “तुमच्या आईला घरापेक्षा स्वतःचा हेका मोठा!”

मावशीनं शेगडी पेटवली. पिशवीतून दाखला काढला आणि जाळाला लावण्याआधी एकदा डोळ्यांजवळ धरला. शिक्क्याच्या गोलाला डावीकडे खोक होती. थेट तशीच, जशी पहिल्या दिवशी सुनेची पदवी काचेवर ठेवताना तिला दिसली होती.