तपासणीला नकार

बँकेतल्या खुर्चीवर बसल्यावर निलोफर मुजावरने डोक्याला लावायची पट्टी हातात घेतली आणि विचारलं, "ही नक्की काय वाचणार?"

"तुमच्या सगळ्या आठवणी," कर्ज अधिकारी सातपुते म्हणाले. "तुम्ही आजवर कधीच कर्ज घेतलेलं नाही. मग तुम्ही शब्द पाळता की नाही, हे मशीनला दुसरं कशावरून कळणार?"

निलोफर मिरजेतल्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात भोपळे घासायचं काम करायची. ती राहत होती त्या दोन खोल्या घरमालकाने विकायला काढल्या होत्या, आणि त्या तिलाच घ्यायच्या होत्या. तिने पट्टी खाली ठेवली आणि बारा वर्षांच्या भाडेपावत्या पुढे सरकवल्या.

"या वाचा. माझा नवरा गेला तो दिवस मी तुमच्या मशीनला दाखवणार नाही."

"मग अर्ज बाद होईल."

"मशीन नको असेल तर माणसाने चौकशी करायची, असा नियम अजून आहे ना? मी वाचून आलेय."

सातपुते अडखळले. "आहे. पण तो कोणी वापरत नाही. मशीन चुकलं तर खपून जातं. मी चुकलो तर माझी नोकरी जाईल."

"माझं तर घर जाईल," ती म्हणाली आणि जागची हललीच नाही.

बँक बंद व्हायची वेळ झाली तेव्हा सातपुते म्हणाले, "बरं, उद्या चौकशीला येतो."

ते खरोखरच आले. घरमालकाशी बोलले, कारखान्यात विचारपूस केली आणि तिथेच उभ्याने अर्जावर सही केली. 'आठवणींची तपासणी' या रकान्यात त्यांनी लिहिलं : केली नाही. गरज वाटली नाही.