रविवारचे पाहुणे

"या की रविवारी. पोरगी घरातच हाय, कुठं जातीया! बघून घ्या, बोलून घ्या. पसंत पडलं तर पुढचं ठरवू."

हौसरावआबा फोनवर बोलत होते. त्यांचं फोनवरचं बोलणं असं, की पलीकडचा माणूस दौंडला असला तरी त्याला फोनशिवाय ऐकू जावं. स्वयंपाकघरात वैष्णवी कणीक मळत होती. तिचा हात परातीतच थांबला.

घरात माणसं तीन. आबा, त्यांची सून अनिता आणि नात वैष्णवी. वैष्णवीचे वडील ती शाळेत असतानाच वारले. आता ती बारावी झाली होती, पुण्याला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता आणि येणार की नाही ते शनिवारपर्यंत कळवायचं होतं. नेमके आत्ताच पाहुणे!

जेवताना तिने विषय काढला. "आबा, माझ्या पुण्याचं काय?"

"आधी रविवार पार पडू दे. पाहुण्यांचं जमलं की तुझं बघू." आबांनी ताकाचा भुरका मारला. "आईनं सांगितलं न्हाई का तुला?"

"कळलंय मला."

आबा चपापले. "मग? राग आला व्हय?"

वैष्णवी ताट उचलून उठली. 'बघू' म्हणजे 'नाही' हे मांडवगण गावात शेंबड्या पोरालाही कळतं.

दुसऱ्या दिवशी ती दाखला आणायला शिरूरला गेली. एसटी स्टँडवर करुणा भेटली. दोघी एकाच वर्गातल्या, आणि करुणाच्या जिभेला हाड नव्हतं.

"न्हाई म्हणून टाक. लग्न तुझं हाय का आबांचं?"

"आबांचं सोड गं. मला आईचं कळत नाही. फॉर्म भरताना माझ्यापेक्षा तिलाच घाई होती. आणि हल्ली भाकरी थापताना गाणं म्हणते."

"मग सरळ विचार की तिला."

सरळ विचारायची रीत त्या घरात असती तर आणखी काय हवं होतं! परतीच्या गाडीत वैष्णवीला आईचा राग आला, आणि आईचा राग आला म्हणून रडू आलं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी तिची गत झाली होती.

शेवटी आईनेच विषय काढला. शुक्रवारी संध्याकाळी ती अंगणात वैष्णवीच्या केसांना तेल लावत होती. बोलताना तोंड दिसत नाही, हे दोघींच्याही सोयीचं होतं.

"रविवारचं तुला कळलंय म्हणं."

"हं."

"आबांचाच हट्ट हाय. मी लई दिस न्हाईच म्हणत हुते." आईने एक बट सोडवली. "माणूस शांत हाय. रेल्वेत हाय, दौंडला. वयानं थोराड हाय जरा. लोक नावं ठेवतील, त्ये बी ठाऊक हाय मला. पर तू गेल्यावर ह्या घरात मला करमायचं न्हाई गं."

करमायचं नाही, तर मग पाठवतेस कशाला? वैष्णवीच्या अगदी ओठावर आलं होतं.

"तुझ्या मनात नसंल तर आत्ता सांग," आई म्हणाली. "मी आबास्नी न्हाई म्हणून सांगते आन् विषय मिटला. तुझ्या शब्दाबाहेर मी न्हाई."

वैष्णवीने मागे वळून पाहिलं. आईच्या डोळ्यांत भीती होती, आणि भीतीच्या आड कसली तरी आशा. वडील गेल्यापासून तो चेहरा असा उजळलेला तिने पाहिला नव्हता. एक 'नाही' म्हटलं की तो विझणार. दौंड काही लांब नाही, तिने मनाची समजूत घातली. पुण्याहून आईकडे कधीतरी सणासुदीला येणं होईल. दौंडहून मनात आलं की येता येईल.

"मला चालेल, आई."

आईने तिला मिठीच मारली आणि हुंदके देऊन रडली. एवढं रडण्यासारखं आपण काय बोललो, ते वैष्णवीला कळेना.

शनिवारी उसाच्या बांधावर जाऊन तिने कॉलेजला फोन लावला. "मॅडम, मी येत नाही. माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या."

"घरून परवानगी नाही का?"

"घरचं काही नाही. मीच नको म्हणते." असं म्हटल्यावर मन हलकं होईल असं तिला वाटलं होतं. झालं नाही. सोयरीक जमली की घरी सांगू, असं ठरवून ती डोळे पुसून परतली.

रविवारी दारात गाडी थांबली. एक म्हातारी उतरली आणि तिच्यामागून कानशिलावरचे केस पिकलेला, इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ. हे मुलाचे काका असणार, वैष्णवीने खिडकीतून अंदाज बांधला. मुलगा मागून येत असेल.

आत आई पोह्यांवर खोबरं घालत होती आणि निम्मं खोबरं ओट्यावर सांडत होतं.

"दे, मी नेते," वैष्णवी म्हणाली.

"तू नेतीस? बरं झालं बाई. मला बाहेर यायचा धीरच व्हईना."

साडीच्या निऱ्या सांभाळत वैष्णवी बाहेर गेली. तिने ट्रे ठेवला, खाली वाकून म्हातारीच्या पाया पडली. म्हातारीने तिला दंडाला धरून शेजारी बसवून घेतलं आणि तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

"तूच वैष्णवी व्हय? तू व्हय म्हणालीस म्हणून तर आम्ही आलो. एवढं मोठं मन कुणाचं असतंय! आता तू बिनघोर पुण्याला जा, नर्स हो." म्हातारी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून हसली. "आन् आईला बाहेर धाड की गं. आमचा ह्यो सुदर्शन कवाधरनं तिची वाट बघतोय."